मोकळं कपाळ

तैलरंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला अजून अण्णा मास्तर जिना चढताना दिसतात. नगरच्या आमच्या वाचनालयाच्या माडीवर चित्रांचं एक लांबट दालन होतं. पश्चिमेच्या खिडक्यांतून कलत्या उन्हाचे पट्टे भिंतीवर सरकू लागले, की निवृत्त झालेला हा चित्रकलेचा शिक्षक धुवट सदऱ्याच्या बाह्या नीट करीत वर येई. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी कुणीही यावं, एक पैसा नको. मास्तर एकेका चित्रापाशी थांबून ते समजावून सांगणार. मी खाली पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. त्या दिवशी मात्र लवकर आवरून वर जायचे.

चित्राकडे त्यांनी कधी बोट दाखवलं नाही. पाहुण्याला पाटावर बसायला सांगावं तसा उघडा तळहात ते पुढे करीत, आणि बोलत इतक्या हळू की गर्दीला आपोआप गप्प व्हावं लागे. शहरातली जाणती मंडळी मागे उभी राहून जांभया देत. खेड्यांतून आलेली माणसं मात्र जिन्याखाली चपला काढून येत आणि साध्या डोंगराच्या चित्रापुढेही हात जोडत. आमच्या कार्यवाहांना हे मुळीच रुचत नसे. 'चित्राला कुणाचा हात लागला, की त्या दिवसापासून हे बंद,' असं त्यांनी मास्तरांना बजावलं होतं. मास्तरांची पत्नी, आमच्या काकू, वारल्यापासून त्यांच्यापाशी ही एवढी एक संध्याकाळ उरली होती, आणि ते कार्यवाहांनाही ठाऊक होतं.

दालनाच्या टोकाला काकूंचंच चित्र होतं. त्या गेल्यानंतर मास्तरांनी ते नुसत्या स्मरणातून रंगवलेलं: हिरवं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, ओठांवर किंचित थट्टा, आणि कपाळ मोकळं. एकदा मला म्हणाले, 'कुंकू टेकवलं की चित्र पुरं होईल. मग तिच्यासाठी करायचं काही उरणार नाही.' त्या चित्रापुढे ते जेमतेम दोन वाक्यं बोलत आणि पुढे सरकत. कपाळाबद्दल कुणी विचारत नसे. शहरी सभ्यतेचा तेवढा उपयोग होता.

दुष्काळाच्या त्या वर्षी पारनेरकडच्या बायका शहराजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत. त्यांतल्या पाचसहा जणी एका शनिवारी आल्या. त्यांची म्होरकी पारूबाई, वयस्क, उन्हाने रापलेली, काकूंच्या चित्रापुढे जी थांबली ती हलेना.

'मास्तर, ह्या बाईचा मालक हाय न्हवं?'

मास्तरांचा हात तसाच राहिला. 'आहे,' ते म्हणाले.

'मंग सवाशिनीचं कपाळ आसं मोकळं का ठिवलं?'

उत्तरासाठी ती थांबली नाही. आपल्याच कपाळावरच्या मेणातल्या कुंकवावर तिने बोट टेकवलं आणि तेच भेगाळलेलं बोट काकूंच्या भुवयांमध्ये, नेमक्या जागी, अलगद दाबलं. 'आता कशी लक्षुमी दिसती,' म्हणून ती मायेने हसली आणि बाकीच्या बायकांबरोबर जिना उतरून गेली. मला तिला अडवता आलं असतं, पण मी अडवलं नाही.

सोमवारी मास्तर आणि मी दालनात असताना कार्यवाह वर आले. चित्रापुढे उभं राहून त्यांनी विचारलं, 'हे कुणी केलं?' मी जमिनीकडे पाहू लागले.

'मी,' मास्तर म्हणाले. 'तेवढं राहिलं होतं.'

चित्र ज्याचं, त्याला काय बोलणार? कार्यवाह निघून गेले, शनिवार चालू राहिले. मास्तरांनी जन्मात खोटं उच्चारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते खोटं बोलले असं मला आजतागायत वाटलेलं नाही. मग ते खिडकीपाशी खुर्चीत बसले आणि रडले. काकूंच्या तेराव्यालाही ज्याचे डोळे कोरडे होते तो माणूस लहान मुलासारखा रडला, आणि मी त्यांना गप्प करायला गेले नाही, कारण मीही रडत होते.

आता मास्तर नाहीत, पारूबाईचा पत्ता तेव्हाही कुणाला नव्हता. गेलेल्या माणसाचं काहीतरी अपुरं ठेवून आपण त्याला धरून बसतो. काळ मात्र एखाद्या अनोळखी बाईच्या हातून ते पुरं करून घेतो, आणि त्या घटकेला ते माणूस खरोखर जातं.