निरोपाचा तास

ज्योत्स्नाबाईंना जागेपणी स्वप्नं बघायची खोड होती, आणि साठी उलटल्यावर ती आता जाणारही नव्हती. रविवारी संध्याकाळी शनवारा भागातल्या माडीवरच्या हॉलमध्ये त्या सगळ्यांच्या आधी येत, खिडक्या उघडत, खुर्च्या मांडत आणि दाराकडे तोंड करून बसत. खालच्या गल्लीत कापडाच्या लूमची खटखट चाललेली असे. ऐकता ऐकता त्या खटखटीच्या टाळ्या होत, रिकाम्या खुर्च्यांवर माणसं येऊन बसत, बायका पदर सावरत, कोणी मागून "जरा जोरात" म्हणत. मग प्रभाकरराव धापा टाकत जिना चढून येत आणि म्हणत, "आज पण आपण दोघंच का?"

मंडळ वक्तृत्वाचं. एके काळी तिथे उभं राहायला जागा मिळत नसे, असं प्रभाकरराव सांगत, आणि ते अध्यक्ष असल्याने त्यांच्यावर विश्वास ठेवणं भाग होतं. आता नावाला पाच सभासद उरले होते. त्यातले एक मुलाकडे इंदूरला जाऊन बसलेले, एकांना ऐकू येत नसे, आणि एक फक्त पंख्याखाली डुलकी काढायला येत. हॉलच्या विश्वस्तांनी साफ सांगितलं होतं की संक्रांतीपर्यंत पंधरा सभासद झाले तर ठीक, नाहीतर रविवारची संध्याकाळ झुंबावाल्यांना.

झुंबाशी ज्योत्स्नाबाईंचं वैर नव्हतं. पण मंडळ गेलं तर आपलं काय, हा विचार त्यांना सुटत नसे. त्या इतवारा भागात धाकट्या भावाच्या घरी राहत. लग्न केलं नाही, शाळेतली नोकरी संपली. घरात भाऊ दुकानाचं बोले, पुतण्या मोबाइलशी बोले, भावजय शारदा चुलीपुढच्या भांड्यांशी. ज्योत्स्नाबाईंच्या वाट्याला "हो", "चालेल" आणि "मला काही नको" एवढीच तीन वाक्यं येत. वडिलांनी लहानपणी एकच गोष्ट मनात पक्की ठोकली होती: मागितलं की मान गेला. म्हणून त्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, कपभर चहासुद्धा. रविवारी मात्र त्या उभ्या राहून बोलत आणि डुलकी काढणारे गृहस्थही अधूनमधून डोळे उघडत. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघे.

युक्ती प्रभाकररावांची. "फुकटचा वर्ग काढू," ते म्हणाले. "लोकांना माईकवर बोलायची हौस बिलकुल कमी नाही. शिकायला येतील, मग इथलेच होतील. तेवढं सभासद व्हा म्हणून तुम्ही सांगा, ज्योत्स्नाताई. तुमचं ऐकतील."

"सांगायची वेळच येणार नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "गोडी लागली की माणूस आपण होऊन राहतो." त्यांना ते दिसतही होतं: वर्ग संपलाय, कोणीच उठत नाहीये, आणि कोणीतरी हळूच म्हणतंय, बाई, आम्हाला राहू द्या.

दसऱ्यानंतर वर्ग सुरू झाला आणि खरंच डझनभर माणसं आली. बहादरपूरच्या पलीकडून मनीषा आली. ती गावच्या पंचायतीत निवडून आलेली पंच होती, पण ग्रामसभेत तिच्या जागी बोलायचा तिचा नवरा. समाधान केळीचा व्यापारी, दिवसभर भाव ओरडून घसा असा तयार झालेला की तो "नमस्कार" म्हणाला तरी खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं. आणि गोदाबाई. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. "सारे बोलतीन माईकवर," त्या म्हणाल्या, "अन् मी काय नुसती खुर्चीत बसून राहू? मले बी दोन शब्द शिकवा."

ज्योत्स्नाबाईंनी शिकवलं. श्वास कुठे घ्यायचा, हाताचं काय करायचं, घाबरलं तर शेवटच्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे कसं बघायचं. समाधानचा आवाज त्यांनी निम्म्यावर आणला. घरी जाताना त्या रस्त्याने स्वतःशीच हसत आणि रिक्षावाले हॉर्न वाजवून त्यांना जमिनीवर आणत.

एका रविवारी हॉल रंगकामासाठी बंद होता. "आमच्या मळ्यात चला ना बाई," मनीषा म्हणाली. "सकाळी या, गारवा राह्यते."

मार्गशीर्षातली ती सकाळ ज्योत्स्नाबाईंना पुढे कितीतरी दिवस खरी वाटेना. तापीकडून धुकं आलं होतं आणि केळीच्या रांगांमध्ये अडकून राहिलं होतं. दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. पानांवरून दव टपटपत होतं. त्यांनी प्रत्येकाला एकेका रांगेत आत पाठवलं आणि म्हणाल्या, "आता तिथूनच बोला. कोणी तुम्हाला बघत नाहीये."

मग हिरव्या अंधारातून मनीषाचा आवाज आला. "मी मनीषा. निवडून मी आली. सही मी करते. मंग बोलतो कोण?" ती थांबली, आणि तेच पुन्हा, सावकाश बोलली. दुसरीकडून गोदाबाई सुरू झाल्या. "तापीले पूर आल्ता. मी नवी नवरी, नावेत बसून रडू राह्यली होती. नावाडी म्हने, बाई, रडू नको, पानी अजून वाढंल." मळाभर हसू पसरलं, पण हसणारं कोणी दिसत नव्हतं. पानंच हसताहेत असं वाटत होतं. मग समाधान बोलला, इतक्या हळू की ज्योत्स्नाबाईंना दोन पावलं पुढे जावं लागलं. तो म्हणत होता की बाप गेल्यापासून घरात कोणी त्याला नावाने हाक मारत नाही, सगळे शेठच म्हणतात.

ज्योत्स्नाबाई केळीच्या ओल्या बुंध्याला हात लावून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आपण या सगळ्यांच्या आत कुठेतरी उभ्या आहोत. हे असंच चालावं, दर रविवारी, कायमचं. आताच सांगून टाकावं, राहा म्हणून. शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात वडिलांचं वाक्य आठवलं आणि त्या म्हणाल्या, "छान. आता हात कसे होते ते सांगा."

आता मंडळाची गंमत ऐका. अभ्यासक्रम प्रभाकररावांनी बसवला होता, क्रमाने: स्वागत, परिचय, आभार, लग्नातलं बोलणं, शोकसभा, आणि सगळ्यात शेवटी निरोप. ज्यांना धरून ठेवायचं, त्यांनाच शेवटच्या तासाला निरोप घ्यायला शिकवायचं, हे त्या दोघा शहाण्यांच्या ध्यानात अखेरपर्यंत आलं नाही. ते आलं संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, डझनभर माणसं नवे कपडे घालून, शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढली तेव्हा.

एकेक जण उठला आणि निरोपाचं बोलला, आणि काय सुरेख बोलला. श्वास जागच्या जागी, हात जागच्या जागी. मनीषाने सांगितलं की परवाच्या ग्रामसभेत नवरा उठायच्या आत ती उठली होती. समाधानने शेवटच्या रांगेकडे बघत आवाज जराही चढू दिला नाही. गोदाबाई म्हणाल्या, "बाईंचे उपकार आमी जल्मभर नई विसरनार. आता आमाले आज्ञा द्या." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, शिकवल्याप्रमाणे वाक्य संपल्यावर.

ज्योत्स्नाबाईंच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. सत्कार झाला की आपल्याकडे गोष्ट संपते. शाल पांघरलेल्या माणसाला पुढच्या रविवारी काय करताय म्हणून कोणी विचारत नाही. प्रभाकरराव कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. ज्योत्स्नाबाईंचं स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत निघालं होतं, पायांत चपला सरकवायच्या बेतात.

पण सत्काराला उत्तर द्यावं लागतं. तीही रीत आहे. त्या उठल्या.

"सन्माननीय व्यासपीठ," त्यांनी सुरुवात केली आणि थांबल्या. पुढचं सगळं पाठ होतं. तरी त्या थांबल्या. नारळ टेबलावर ठेवला. हातांचं काय करायचं ते आता त्यांना आठवेना.

"मी तुम्हाला बोलायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला एक वाक्य बोलता येत नव्हतं. ते आता बोलते. तुम्ही जाऊ नका. सभासद झाला नाहीत तर संक्रांतीला हे मंडळ बंद पडेल. ते बंद पडलं तर मला दुसरीकडे जायला जागा नाही. मी तुमच्याकडे मागते आहे. राहा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मंग हे पैले काहून नई सांगतलं?" गोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता. "आमाले वाटलं कोर्स सरला, आता बाई आमाले काहाडते. आवतन नसलं तं मानूस कोनाच्या घरी जेवाले जाते का?"

"सभासद व्हा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं होतं की," प्रभाकरराव पुटपुटले.

"ग्रुपवर आवतन राह्यते का, भाऊ? तोंडानं द्या लागते."

मग मनीषा हो म्हणाली. तिच्या शेजारची हो म्हणाली. एकेक करत हात वर झाले, दोघांचे तेवढे खालीच राहिले. समाधानही मान खाली घालून उभा राहिला. "बाई, खरं सांगू? मेरा नहीं जमेगा. आतापासून संडेले बी केळीची गाडी भरायची राह्यते."

ज्योत्स्नाबाईंना वाटलं होतं, कोणी नाही म्हटलं तर आपण जागच्या जागी विरघळू. तसं काही झालं नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "सवड झाली की ये, समाधान." नावाने हाक ऐकून तो जरा हसला आणि पेढ्याचा पुडा फिरवू लागला.

प्रभाकररावांनी दोनदा मोजलं. नवे नऊ, जुने पाच. "एक कमी पडतो," ते म्हणाले. "भाच्याला सांगतो, नुसतं नाव लावू."

"नको. मी बघते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. कोणाला विचारायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. शाल खांद्यावर तशीच ठेवून त्या घरी निघाल्या. बाजारात तिळाच्या गाड्या लागल्या होत्या, दिवे लागत होते, आणि त्यांना आपण जमिनीपासून बोटभर वरून चाललोय असं वाटत होतं.

घरी शारदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. "जेवायला वाढू का, वन्सं?" तिने मागे न बघता विचारलं. रोजचंच वाक्य. ज्योत्स्नाबाईंनी रोज द्यायचं ते उत्तर दिलं नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि तिच्या पाठीकडे, पिठाने माखलेल्या कोपरांकडे बघत राहिल्या.

"शारदा," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे एक मागायचं होतं. आमच्या मंडळात येशील?"

थापणारे हात थांबले. तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटला, ती फुगली आणि एका कडेला करपू लागली, तरी शारदाने ती उलटली नाही.

"दर रविवारी तुम्ही साडी बदलून जिना उतरता," ती म्हणाली, "आणि मी खिडकीत उभी राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून. मला वाटायचं, एखाद दिवशी जिन्यातून वळून म्हणतील, चल."

ज्योत्स्नाबाईंनी पुढे होऊन चिमट्याने भाकरी उलटली आणि त्या शारदाच्या शेजारी चुलीपुढे बसल्या.