दोन बागा, एक खुर्ची

संध्याकाळी सव्वासहाला धाकट्याच्या बागेतले कारंजे सुरू झाले आणि आईची वेताची खुर्ची भिंतीपलीकडे गेली.

दोन्ही भावांची घरे शेजारी, मध्ये कमरेइतकी भिंत, भिंतीत फाटक. आई राहायची थोरल्याकडे. संध्याकाळी बसायचीही त्याच्याच बागेत. थोरला छापखान्यात पुस्तके बांधायचा. घरी आला की हातांची खळ धुऊन तिच्याजवळ टेकायचा. आता तिथून त्याला खुर्चीची पाठ तेवढी दिसायची.

"कारंजंच हवं तर ते बसवणाऱ्या माणसाला आपणही बोलवू," बायको म्हणाली.

"पाणी वर चढवायला माणूस कशाला लागतो? धाकट्या साहेबांना हात ओले करायला नकोत, म्हणून दिलं कंत्राट."

"जळताय तुम्ही."

"मी? त्या डबक्यावर?"

जुन्या कूलरचा पंप, एकावर एक रचलेल्या कुंड्या, खाली कपडे भिजवायचा टब. सुट्टीचे दिवस त्यात गेले. धार धाकट्याच्या कारंज्यापेक्षा वर गेली पाहिजे, एवढेच त्याच्या डोक्यात होते. गेलीही. त्या दिवशी त्याने स्वतः खुर्ची उचलून आणली.

आई बसली न बसली तोच उठली. "नळ कोणी उघडा टाकला रे?"

"आई, कारंजं आहे. मी केलंय."

"हो का? छान." ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा गुडघ्यांवर हात. जन्मभर वाहते नळ बंद करत आलेली बाई. ती धबधब ऐकून तिला बसवेना. शेवटी तीच म्हणाली, "मी आपली पलीकडे बसते हं."

धाकट्याने भिंतीवरून मान काढली. "दादा, आमच्या माणसाला पाठवू का? आवाजाचंही बघतो तो."

"तुझा माणूस तुझ्याकडेच ठेव."

आठवडाभर थोरला कामावरून आला की हट्टाने पंप लावत राहिला. पण एका दिवशी धाकटा कामावर असताना तो चोरासारखा पलीकडे गेला आणि बटण दाबून पाहत राहिला. तिथे पाणी दगडावर पडत नव्हते, दगडावरून उतरत होते. मग त्याने छापखान्यातून बांधणीच्या कापडाची लांब पट्टी आणली, पंप मंद केला, पट्टीचे एक टोक नळीच्या तोंडाशी बांधले, दुसरे टबात सोडले. पाणी कापडावरून मुकाट खाली येऊ लागले.

"हे कारंजं की वाळत घातलेलं फडकं?" बायको म्हणाली.

तो खुर्ची आणायला गेला. "चल आई. आवाज बंद केलाय."

"बंद कशाला केलास?" आई हिरमुसली. "जवळ बसलं की उठावंसं वाटतं खरं. पण इथून बरा वाटायचा. कळायचं, तू घरी आलास."

धाकटा आपल्या कारंज्यापाशी उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला थोरल्याने नीट पाहून घेतला. पण त्या चेहऱ्याचा आनंद त्याला फाटकापर्यंतही पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताच त्याने पट्टी सोडली, पंप वाढवला. धार पुन्हा धबधबू लागली. खुर्ची पलीकडेच होती, धाकट्याच्या कारंज्याजवळ. पण तिची पाठ आता इकडे नव्हती. ती आईने फिरवली की धाकट्याने, हे त्याने अजून विचारलेले नाही.