आधी आकडा

आकडा भिंतीवरच होता. पितळी, टोकाला वाकलेला, हाताळून हाताळून वळणापाशी पिवळाधमक झालेला... आणि त्याच्या लाकडी दांड्यातून निघालेली तांब्याची वेणी भिंतीला टेकून निवांत लोंबत होती. आत्ता तो आकडा कपाटात, त्या मोठ्या कपॅसिटरच्या डोक्यावर अडकवलेला असायला हवा होता. कारण त्याचा स्वतःचा हात कोपरापर्यंत कपाटात होता, हातात फडकं होतं, आणि ते फडकं तांब्याच्या गुंडाळीवरची धूळ पुसत होतं – मघापासून, सावकाश, घरातली कपबशी पुसावी तसं.

झोपलेल्या तान्ह्याच्या मानेखालून काढावा तसा त्याने हात बाहेर काढला. मग भिंतीवरून आकडा उतरवला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि टोक कपॅसिटरला टेकवलं. पूर्वी अशा वेळी ‘टिच्’ असा बारीक आवाज यायचा, कधी निळी ठिणगीही दिसायची. आज काहीच आलं नाही. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण त्याला वाटला तो अपमान – ओळखीच्या माणसाने तोंड फिरवून निघून जावं तसा.

रेडिओ केंद्रातल्या ट्रान्समीटरच्या कपाटाचं दार उघडलं की वीज आपोआप तुटते, हे खरं. पण आत साठलेली वीज जायला तयार नसते. ती दबा धरून बसते, माणसाची वाट बघत. म्हणून हा आकडा. त्याची वेणी थेट जमिनीत गेलेली. आत कुठेही बोट लावायच्या आधी तो अडकवायचा आणि उरलीसुरली वीज मातीत सोडून द्यायची. आधी आकडा, मग हात. उस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, आणि शेवटपर्यंत शिकवलं तेही एवढंच. नवं यंत्र लाकडी खोक्यांतून आलं, त्याला एक तारही जोडलेली नव्हती, तरी उस्तादांनी दार उघडल्याबरोबर आधी आकडा मागितला होता. सगळे पोट धरधरून हसले. उस्ताद हसले नाहीत. “बंद दिसतंय ना, मग जास्त सांभाळ,” ते म्हणाले होते. “यंत्र मेलं असं कधी धरून चालायचं नाही.”

आणि मी धरून चाललो. मी नाही... हाताने धरलं. हात आपला आपण गेला, विचारायला थांबलाही नाही. एवढ्या वर्षांत आकड्याशिवाय कधी न गेलेला हात आज गेला, म्हणजे त्या हाताला काहीतरी कळलंय, जे त्याने अजून डोक्याला कळवलेलं नाही.

कळण्यासारखं पुष्कळ होतं म्हणा. शेजारचं दुसरं यंत्र कधीच उघडंबोडकं झालं होतं, त्याचे एकेक भाग काढून याच्यात घालता घालता. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने हात वर केले होते. मनोऱ्याच्या बुडाशी पुरलेल्या तांब्याच्या पट्ट्या चोरांनी एका बाजूने उपसून नेल्या, तेव्हापासून त्या दिशेला आवाज कितपत जातो देव जाणे. मनोऱ्याखाली आता शेळ्या चरतात. त्या पहारेकऱ्याच्या आहेत. पहारेकरी भला माणूस, दिवसभर कानात बोंडं घालून मोबाइलवरची गाणी ऐकतो, आणि एकदा त्याने फार आपुलकीने विचारलं होतं, “साहेब, आपलं स्टेशन लागतं कुठे हो?” यंत्राची ताकद आधी निम्मी केली, मग निम्म्याची निम्मी. दर वेळी वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, “चालेल का?” आणि दर वेळी तो म्हणाला, “चालेल, साहेब.” इतक्या वेळा म्हणाला, की खात्यात त्याचं नावच ‘चालेल’ पडलं. आज पुन्हा फोन यायचा होता, संध्याकाळचं प्रक्षेपण सुरू व्हायच्या सुमारास. या वेळी प्रश्न वेगळा होता. ठेवायचं की बंद करायचं? “तुमचा शब्द शेवटचा,” साहेब म्हणाले होते, “तुम्ही म्हणाल तसं.” असं ओझं कुणी इतक्या गोड आवाजात खांद्यावर टाकलं की ते खाली ठेवायलाही जागा सापडत नाही.

चालेल. कुणासाठी चालेल?

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे बरीच वर्षं होतं आणि ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या केंद्रावरचा एक माणूस कपाटात गेला. गेला म्हणजे हात आत घातला आणि गेलाच. ती बातमी घरात आली त्या दिवसापासून बायको स्वयंपाकघरातल्या रेडिओचा काटा त्याच्या स्टेशनावर लावून ठेवायची. कार्यक्रम कुठला याच्याशी तिला देणंघेणं नसे, बाजारभाव असोत की भाषण. वाजतंय म्हणजे नवरा आहे. दुपारी यंत्र बंद ठेवून साफसफाई चाले, तेव्हा रेडिओवर नुसती खरखर असे. तीही ती बंद करत नसे. खरखर ऐकत भाजी निवडायची. आणि तो पुन्हा यंत्र सुरू करी तेव्हा कार्यक्रम लगेच सोडत नसे. आधी नुसती कोरी लहर जाऊ द्यायची – बोलणं नाही, गाणं नाही. त्याने रेडिओवरची खरखर एकदम दबते आणि एक भरीव शांतता पसरते. यंत्र गरम होऊ द्यावं लागतं, असं तो हाताखालच्यांना सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण ती शांतता तिच्यासाठी होती. दारात तिचा पहिला शब्द असे, “आकडा?” आणि तो चपला काढता काढता म्हणे, “आधी आकडा.” बाकीच्या बायका चहा घेणार का विचारतात.

हे विचारणं कधी थांबलं, त्याला आठवेना. आठवत होती ती मागच्या महिन्यातली संध्याकाळ, यंत्र बसलं ते उठेचना ती. पूर्वी जरा खंड पडला की फोन खणखणायचे, लोक शिव्या घालायचे. शिव्या ऐकून किती बरं वाटायचं. त्या संध्याकाळी फोन मुका होता. त्याला खंत वाटली ती लोकांची नाही. बायको घाबरली असेल, दारात उभी असेल, या एकाच विचाराने तो धापा टाकत घरी गेला. ती मोबाइलवर नातीशी बोलत होती, हसत होती. रेडिओ बंद होता आणि त्याच्यावर धुतलेल्या वाट्या पालथ्या घातल्या होत्या. “आज लवकर?” ती म्हणाली. चांगलंच होतं की. बायको सुखाने हसते आहे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय? जेवताना घास फिरत राहिला एवढंच.

तिची भीती गेली, मग हाताची गेली. का उलट... हाताची आधी गेली असेल, आणि रोज दारातून आत येणाऱ्या माणसाच्या अंगाला तो धोक्याचा वास येईनासा झाला, म्हणून तिची गेली असेल. ज्याची भीती कुणालाच वाटत नाही ते चालू ठेवायचं कशाला? बंद करा, साहेब. त्याने शब्द जिभेवर घेऊन पाहिले. तोंडात बसत होते. फारच सहज बसत होते.

आकडा काढून त्याने भिंतीवर ठेवला, दार लावलं, खिडकीपाशी गेला. उन्हं मनोऱ्याच्या मधल्या टप्प्यापर्यंत वर सरकली होती. खाली पहारेकरी शेळ्या हाकत होता. वेळ होत आली होती. काय मनात आलं कोण जाणे, त्याने घरी फोन लावला.

“रेडिओ चालू आहे?”

“आत्ता? नाही. का हो?”

“लाव जरा.”

“काय झालं?”

“काही नाही. लाव.”

वाट्या एकात एक ठेवल्याचा आवाज आला. मग बटण, मग खरखर – त्याच्या बंद यंत्राची खरखर, तिच्या स्वयंपाकघरातून फिरून त्याच्या कानात आलेली. फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने एकेक कळ वर केली. पंखे घुमले, काटे जागचे हलले. फोनमधली खरखर दबत गेली, आणि मग ती शांतता आली. जरा पातळ होती, कडेने फाटल्यासारखी, पण आली.

“आलं,” ती म्हणाली.

कार्यक्रम सोडायची वेळ झाली होती, कळ बोटाखाली होती, तरी त्याने ती दाबली नाही. फोनमध्ये टुक् टुक् वाजू लागलं. साहेबांचा फोन मध्ये येत होता. त्याने वाजू दिला.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, आणि त्या आवाजात इतक्या वर्षांमागची ती दारातली मुलगी होती. “आकडा लावला होता ना?”

भिंतीवर आकडा होता. ‘हो’ म्हणायला एक अक्षर लागतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, कारण कळेवरचा त्याचा हात, दुपारभर इतका शहाण्यासारखा वागलेला हात, कापायला लागला होता. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत – जेवढा तो आत गेला होता तेवढाच. दुसऱ्या हाताने तो धरावा असं त्याला वाटलं नाही. भीती आली होती, उशिरा का होईना, घरचा रस्ता विचारत विचारत आल्यासारखी. पलीकडे ती श्वास रोखून थांबली होती, हे त्याला त्या पातळ शांततेतून स्वच्छ ऐकू येत होतं. फोनमधलं टुक् टुक् चालूच होतं. तो कापणाऱ्या हाताकडे बघत राहिला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला वाटलं की आपल्याला अजून काहीतरी होऊ शकतं.