काजळीताईचे कान

भट्टी म्हटलं की तुम्हाला विटा आठवतील, नाहीतर पाव. मित्रांनो, मी त्यातली नव्हे. कचऱ्याच्या ढिगांतून निघून हवा तापवणारा मिथेन वायू माझ्या पोटात सोडतात. मी हजार अंशांच्या वर तापले की तो फुटून त्यातला हायड्रोजन वेगळा होतो आणि मागे काळी पूड उरते. शुद्ध कार्बन! त्यातले तंतू केसाहून बारीक आणि पोलादाहून चिवट. ते बॅटऱ्यांत जातात, विमानांच्या पंखांत जातात. कारखान्यात पाहुणे आले की साहेब मला थोपटून म्हणायचे, "ही आमची लाडकी." मग काय, मी अशी फुलून जायचे!

पण मला खरं सांभाळलं ते काजळीताईने. बावीस वर्षं. नाकावर कायम काळा ठिपका, म्हणून हे नाव. रोज सकाळी ती लाकडी हातोडीने माझ्या नळीवर ठोकायची. ठण् वाजलं की नळी मोकळी, थप्प वाजलं की आत पूड साचलेली. मीटरच्या आधी तिला कळायचं.

माझ्या शेजारचा कॉम्प्रेसर मात्र दिवसभर बोंबलायचा. त्याच्यापायी तिचे कान हळूहळू गेले. कुणी काही विचारलं की ती हसून नुसतं "हो हो" म्हणायची. एकदा मला पुसता पुसता म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं बाई. कळलं तर मला गेटवर बसवतील. तुझ्यावाचून करमेल का मला?" मी कुणाला सांगणार, कपाळ माझं!

त्या सकाळी तिने ठोकलं. थप्प. मी जीव तोडून वाजले हो! तिने तक्त्यावर 'ठीक' लिहिलं. दुपारी नळी तुंबली, दाब वाढला, भोंगा झाला. सगळे बाहेर पळाले. ती माझ्या मागे पाठमोरी बसून सांडलेली पूड झाडत होती. दारातून सगळे ओरडत होते, "ताई, बाहेर या!" तेवढ्यात माझं सील फुटलं आणि जाळ थेट तिच्यावर गेला. माझ्या पायाशीच तिने प्राण सोडला.

चौकशी झाली. माझा एकेक स्क्रू दर महिन्याला तपासल्याचे कागद निघाले. तिचे कान तपासल्याचा एकही निघाला नाही, कारण कुणी ते कधी तपासलेच नव्हते. पंधरा दिवसांत नवं सील आलं आणि मला पुन्हा पेटवलं. मी जळते, पूड देते, पण कशात मन लागत नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्याच. पण यंत्राजवळ दिवसभर राबणाऱ्या माणसालाही कधी जवळ बसवून विचारा, काही दुखतंय का, काही लपवतोयस का. आमचे सुटे भाग बाजारात मिळतात.