पिवळ्या पट्ट्याची सरळ कड

पडद्यावरच्या त्या पिवळ्या पट्ट्याची एक कड सरळ होती. बाकीच्या कडा ओढ्याच्या आणि खडकाच्या कलाने वेड्यावाकड्या गेल्या होत्या. ही एकच आखल्यासारखी उतारावरून खाली येत होती. उपग्रहाच्या चित्रांवरून सरकारी नकाशे करणाऱ्या तिला एवढं पुरेसं होतं. जंगल आपणहून सरळ रेघ मारत नाही. ती कड माणसांच्या हातची होती.

हे तिला केव्हाच कळलं होतं. पण खात्याचा नियम असा, की जिथे पीक नाही, घर नाही, ती जमीन पिवळी, म्हणजे रिकामी. नव्या धरणाचं पाणी त्या पिवळ्या उतारावर चढणार होतं. नकाशावर तिची सही झाली की काम सुरू. काम अडवणाऱ्याची बदली ठरलेलीच. म्हणून 'उद्या बघू' म्हणत तिने सही टाळली आणि बोलणंही टाळलं. आता बैठक आजच दुपारी होती.

खरं तर त्या डोंगरातलं माणूस तिच्या घरातच होतं. तिची वहिनी तिथली. शिकून वकील झाली, भावाशी लग्न करून या घरात आली. सकाळी डबे भरताना तिने अखेर वहिनीला त्या कडेबद्दल विचारलं. वहिनीचा चेहरा उजळला. तिचे लोक एका उतारावर पीक घेतलं, की काही वर्षं तो मोकळा सोडतात. सगळे मिळून कडेची झुडपं तोडून त्याची हद्द सरळ आखून घेतात आणि आत झाडोरा वाढू देतात. तिथली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. त्याला ते निजलेला डोंगर म्हणतात.

"तुमच्या यंत्राला तो रिकामा दिसतो होय, वन्सं?" वहिनी हसली. "तुमचं ऑफिस रविवारी बंद असतं ना? सोमवारी कुणी येऊन म्हणालं, काल इथे चिटपाखरू नव्हतं, इमारत आता आमची, तर?"

तिलाही हसू आलं, पण लगेच मावळलं. वीज सगळ्यांनाच हवी, सरकारला आधी काय नि नंतर काय हे ठरवावंच लागतं, असं ती चाचरत म्हणाली.

"ठरवावं की. पण क्रम बघा." वहिनीने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आधी धरण ठरतं, मग ठेकेदार, मग रस्ता. सगळ्यात शेवटी आमच्याकडे माणूस येतो, तोही सांगायला. विचारायला कुणीच येत नाही. माझी आई राहते तिथे, वन्सं."

दुपारी नकाशा भिंतीवर झळकला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बाईंचं पेन वाळलं की काय, असं विचारलं. खोलीत हशा पिकला. तिच्या मनात मात्र विलक्षण उत्साह दाटून आला होता. कारण आता तिला सगळं लख्ख दिसत होतं! त्या विजेवर दिवे आपल्या सगळ्यांच्या घरात लागणार. मग ज्यांच्या भूमीवर पाणी चढणार, त्यांना सर्वांत आधी विचारायला हवं. तो आपला मोठेपणा नव्हे, त्यांचा हक्क आहे. आणि जे सरकार आपल्या नावाने चालतं, त्याला याची आठवण आपणच करून द्यायची असते.

तिने पेनाला टोपण लावलं आणि ती उभी राहिली.

"साहेब, ही जमीन रिकामी नाही. ती तिथल्या लोकांची आहे. त्यांना विचारल्याशिवाय या नकाशावर मी सही करणार नाही."