मे महिन्यात निवडलेली झाडं

काचबिंदूनं रुखमाबाईंची नजर हळूहळू नेली आणि शेवटी त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. आयुष्यभर शेतात राबलेली बाई. कापूस वेचताना त्यांच्या पुढे कोणी जात नसे, असं ढाणकी गावात अजूनही सांगतात. पण नजर गेली आणि त्या घरातल्या खाटेवर बसल्या त्या बसल्याच. मुलगा अश्वजित मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात जाई, सून ममता घरीच मशीनवर ब्लाउज शिवी. दोघंही म्हणत, जरा बाहेर बसा.

"बाहेर काय हाये माह्यासाठी?" रुखमाबाई विचारत.

घरासमोर रस्त्यापर्यंत एक लांबट पट्टा मोकळा होता. तोंड पश्चिमेकडे, सावलीचं नाव नाही, आणि घर बांधताना पसरलेला मुरूम. दुपार कलली की मागची भिंतही तापून झळा फेकायची. नळाला रोज पाणी येत नसे. तरी ममताच्या मनात आलं, इथं बाग केली तर सासूबाई बाहेर येतील. दिवाळीच्या सुमारास ती उमरखेडहून गुलाब, मोगरा आणि शेवंती घेऊन आली. हिवाळाभर झाडं छान होती. गुलाबाचा वास आला म्हणून रुखमाबाई दोनदा उंबऱ्यापर्यंत आल्याही.

एप्रिल लागला तशी पानं कडेनं करपू लागली. धुण्याभांड्यांचं पाणी ओतूनही काही उपयोग झाला नाही. एका सकाळी रुखमाबाई चाचपडत बाहेर आल्या, गुलाबाच्या फांदीवरून बोटं फिरवली. फांदी कटकन मोडली.

"मेलं हे," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

अश्वजित म्हणाला, "तिथं पेव्हर ब्लॉक टाकून देतो. गाडी तरी उभी राहीन."

"पाऊस लागेपर्यंत थांबा," ममता म्हणाली. का थांबायचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात ती शिवलेले कपडे पोचवायला स्कूटीवरून निघाली होती. रस्त्यात कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची भिंत लागते. त्या भिंतीच्या भेगेत सदाफुली फुललेली होती. खाली माती नाही, कोणी पाणी घालणारं नाही, आणि गुलाबी फुलं टवटवीत. ममतानं गाडी थांबवली आणि उन्हात तशीच बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, आपण झाडं हिवाळ्यात निवडली. हिवाळ्यात सगळीच झाडं देखणी असतात. निवडायची तर आत्ता निवडली पाहिजेत, या उन्हात जी उभी आहेत ती.

घरी येऊन ती सासूला म्हणाली, "आत्या, उद्या सकाळी माह्यासंग चला. झाडं पाहाले जाऊ."

"मले कायले नेतं? मले दिसते का?"

"दिसते मले. पण पान हातात घेतल्यावर थे पाणी किती मांगन, हे मले नाई समजत. तुमाले समजन."

सकाळी रुखमाबाई लुगडं नीट नेसून दारात उभ्या होत्या.

मग तो महिनाभर त्या दोघी उन्हं चढायच्या आत फिरल्या. ममता स्कूटी चालवी, रुखमाबाई मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून बसत. कोणाच्या कुंपणाशी, शाळेच्या मागं, दर्ग्याच्या ओट्याशी. ममता झाड शोधी आणि ते कुठल्या उन्हात आहे ते सांगी. रुखमाबाई पान चुरगाळत, वास घेत, बुडाशी माती चाचपत. दर्ग्याजवळच्या पांढऱ्या चाफ्याला पान नव्हतं, फुलं मात्र भरभरून. त्याची जाड फांदी त्यांनी मुठीत धरली. "ह्यानं पाणी आपल्या पोटातच ठेवलं," त्या म्हणाल्या. ममतानं विचारल्यावर तिथल्या माणसानं एक फांदी दिली, आणि चीक सुकेपर्यंत ती सावलीत ठेवायला सांगितलं.

जास्वंदीवरून दोघींचं वाजलं. ममताला ती हवीच होती.

"पान मऊ हाये. रोज पाणी मांगन."

"मोरीचं पाणी जाते ना, तिथं लावतो मी. तुमी पाहा."

"लाव मंग," रुखमाबाई म्हणाल्या. पुढं ती जास्वंद मोरीपाशी जोमानं वाढली आणि त्यांनी ते मोकळेपणानं कबूलही केलं.

फुलसावंगीच्या वाटेवर एका बंजारा तांड्यात हंसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचं घर होतं. तिच्या घराला कोरांटीचं कुंपण होतं. "आव याडी, बेस," म्हणजे ये आई, बस, असं म्हणत तिनं रुखमाबाईंना बाजेवर बसवलं. "हे कुंपण लावलं तवापासून पाणी देल्लं नाई. काट्यानं शेळी बी तोंड लावत नाई." अंगणात गुलबक्षी होती, पण वरची काडी पार वाळलेली. ममता म्हणाली, ही तर गेली. रुखमाबाई खाली बसल्या, बोटांनी माती उकरत गेल्या आणि रताळ्यासारखा एक जाड कंद त्यांच्या हाताला लागला. तो त्यांनी दाबून पाहिला. घट्ट होता.

त्या हसल्या. नजर गेल्यापासून ममतानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ती स्कूटीकडे बघत उभी राहिली.

अश्वजितनं कुरकुर करत पहारीनं मुरूम फोडला. तलावाचा गाळ आणि शेणखत आणून खड्डे भरले. पाऊस चांगला मुरल्यावर झाडं लागली: कडेनं कोरांटी, पुढं सदाफुली, खिडकीखाली गुलबक्षी, कोपऱ्यात चाफा. प्रत्येक झाड रुखमाबाईंनी स्वतःच्या हातानं लावलं आणि बुडाशी दगडगोटे रचले, म्हणजे ओल टिकेल. पाऊस संपल्यावर ममता पाणी घालायला जायची तर त्या अडवत.

"लाडावू नोको त्याले. मुळी खाली जाऊ दे."

पुढचा उन्हाळा आदल्या वर्षापेक्षा कडक निघाला. गुलबक्षी वरून वाळली तेव्हा अश्वजित काळजीत पडला. त्याच्या आईनं त्याचा हात धरून मातीत घातला आणि कंद दाखवला. कोरांटीनं बरीच पानं गाळली, पण काडी हिरवी ठेवली. सदाफुलीचं फुलणं थांबलंच नाही. आणि चाफ्याला पहिला झुबका आला, त्याचा वास संध्याकाळी थेट खाटेपर्यंत जाई. पण तोवर खाट घरात नव्हतीच. रुखमाबाईंनी ती बाहेर, वाफ्याशेजारी ओढून घेतली होती.

बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी चाफा आणि सदाफुली स्वतः खुडून ताटात ठेवली. ममता मशीनवरून उठू लागली.

"तू शिव. मी जातो विहारात."

"एकट्या?"

"गल्ली सरळ तं हाये."

काठी टेकत, ताट छातीशी धरून त्या निघाल्या. ममतानं शिवण तसंच टाकलं आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. शेतात सर्वांच्या पुढं चालणारी बाई कशी असेल, ते तिनं लग्नानंतर फक्त ऐकलं होतं. आता ती पाठमोरी, सावकाश, पण न थांबता चाललेली तिला दिसत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ममता जागची हलली नाही.

परत आल्या तेव्हा त्यांच्यासोबत विहारातल्या दोघी बाया होत्या. या उन्हात एवढी ताजी फुलं कुठून आणली, हे पाहायला आलेल्या. रुखमाबाईंनी त्यांतल्या एकीचा हात धरला आणि वाफ्याजवळ नेला.

"डोळ्यानं मंग पाह्य," त्या म्हणाल्या. "पहिले हात लावून पाह्य."