एक वांगं कमी

चाचणीच्या शेतातली, खड्ड्यात पुरून नष्ट करायची वांगी तपासनीसबाईंनी तिसऱ्यांदा मोजली, तरी एक कमीच भरलं. अळी लागू नये म्हणून जनुक बदललेल्या या वाणाचं एकही फळ कुंपणाबाहेर गेलं, तर चाचणीच रद्द होणार होती. सात वर्षं त्या रोपांना लेकरांसारखं जपणारी संशोधिका पुन्हा एकेका रोपाखाली शोधू लागली.

"मी नेलं," माळीकाका छाती काढून पुढे आले. "लोक तुमच्या वांग्याला विष म्हणतात ताई, ऐकवत नाही. काल घरी भाजून खाल्लं. बघा, ठणठणीत आहे! लिहा की कागदावर!"

बाईंनी लिहिलं: चाचणी रद्द.

"काका, काय करून बसलात हो!" संशोधिका बांधावर मटकन बसली.

काका गोंधळले. "अहो, पण आत एकसुद्धा अळी नव्हती!"